नऊ मिनिटं दिवे बंद, आणि तिकडे ग्रीडवर काय चाललं होतं

५ एप्रिल २०२० आठवतंय ना, कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये पंतप्रधानांच्या आवाहनावरून रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे घालवून पणत्या लावायच्या होत्या. तेव्हा ग्रीड (वीजकेंद्रं आणि आपली घरं जोडणारं देशभरचं तारांचं जाळं) कोसळणार, अख्खा देश अंधारात जाणार अशी चर्चा सुरू झाली आणि बऱ्याच जणांनी ती हसण्यावारी नेली. पण भीती अगदीच खोटी नव्हती.

ग्रीडमध्ये वीज साठवायची सोय जवळपास नाहीच, ज्या क्षणी जेवढी वापरली जाते तेवढी त्याच क्षणी तयार व्हावी लागते. लोड, म्हणजे विजेची मागणी, वाढला की चढावरच्या गाडीसारखे जनरेटर मंदावतात आणि फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तनं) ५० हर्ट्झच्या खाली येते, लोड अचानक गेला की ते सुसाट सुटतात आणि ती वर जाते. आपल्याकडे ४९.९० ते ५०.०५ हा ठरलेला पट्टा. त्याच्या फारच बाहेर गेलं तर मशीन स्वतःला वाचवायला ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात, मग उरलेल्यांचं गणित अजून बिघडतं.

अंदाज होता १२-१३ हजार मेगावॅट लोड कमी होईल असा. झाला ३१ हजार! म्हणजे लोकांनी नुसते दिवे नाही, बरंच काय काय बंद केलं असणार (पंखे-फ्रीज चालू ठेवा असं सरकार सांगत होतं, ऐकतंय कोण).

वाचवलं ते पाण्याने. कोळशावरचं युनिट झटकन खालीवर करता येत नाही, जलविद्युतचं मिनिटांत होतं, म्हणून नऊच्या आधीच औष्णिक कमी करून जलविद्युत मुद्दाम वाढवून ठेवली आणि लोड पडायला लागल्यावर तीच साधारण साडेसतरा हजार मेगावॅटने खाली आणली. दिवे परत लागले तशी पुन्हा वर. या सगळ्या गडबडीत फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ च्या मध्येच राहिली, पट्ट्याबाहेर गेली खरी पण लाईट कुठे गेली नाही. कंट्रोल रूममधल्या लोकांचं मला तरी जाम कौतुक वाटतं.

आणि एक, ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईनने दक्षिणेची ग्रीड बाकी देशाशी जोडली गेली, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी फ्रिक्वेन्सी एकच. त्यामुळे ३१ हजार मेगावॅटचा झटका देशभरच्या मशीन्सवर वाटला गेला. ग्रीड आधीसारखी वेगवेगळी असती तर प्रत्येकीला आपापलं निस्तरावं लागलं असतं, आणि ते कितपत जमलं असतं मला शंकाच आहे.