चंद्रावर आदळून परत: एका स्केडची गोष्ट

आम्ही काही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, चंद्रावर रेडिओ लहर आदळवून दूरच्या स्टेशनशी संपर्क साधतो. १४४ मेगाहर्ट्झवर चंद्राकडून परतणारा सिग्नल इतका क्षीण असतो की माझ्यासारख्या एका यागीवाल्याने (यागी म्हणजे एका दिशेला रोखायचा दांड्यांचा अँटेना) नुसतं सीक्यू, म्हणजे ‘कुणी आहे का’ अशी हाक, देत बसून काही हाती लागत नाही. समोर मोठा अँटेना असलेलं स्टेशन लागतं आणि त्याच्याशी आधी वेळ ठरवावी लागते. अशा ठरवलेल्या संपर्काला आम्ही हॅम मंडळी स्केड म्हणतो.

वेळ जुळवतानाच खरा घाम निघाला. चंद्र दोघांच्याही क्षितिजाच्या वर हवा. माझी यागी आडवी फिरते, वर उचलली जात नाही. म्हणजे मला चंद्र उपयोगाचा फक्त उगवताना नाहीतर मावळताना. त्यात फायदाही आहे. जमिनीवरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीत मिसळते आणि सिग्नलमध्ये ६ डेसिबलपर्यंत भर पडू शकते. जोडीदार पश्चिमेकडचा, त्यामुळे माझ्याकडे चंद्र मावळताना त्याच्याकडे चांगला वर. अमावस्येच्या आसपासचे दिवस आधीच गाळले. चंद्राशेजारी सूर्य असला की त्याचा गोंगाट कानात भरतो.

मोड क्यू६५, म्हणजे क्षीण सिग्नलसाठीची संगणकावरची संदेशपद्धत. (तो ज्यांच्या पुढाकारातून आला ते जो टेलर म्हणजे १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले, आणि स्वतः हॅम!) एक मिनिट माझं, एक त्याचं, पहिलं मिनिट माझं. फ्रिक्वेन्सी पक्की केली. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आणि तारीखही यूटीसीतलीच.

शिवाय एक अट, जी मला फार आवडते: स्केड चालू असताना इंटरनेटवर चिडीचूप. ‘दिसतोयस’ एवढंही कळवायचं नाही. कॉल साइन (स्टेशनचं ओळखनाव), रिपोर्ट (सिग्नल कसा आला ते) आणि पोच हवेतूनच यायला हवी, नाहीतर तो संपर्कच नव्हे.

पहिल्या खेपेला स्क्रीन कोरी. फॅरेडे परिभ्रमणामुळे लहरीचं ध्रुवीकरण, म्हणजे तिच्या कंपनाची दिशा, वाटेत फिरतं आणि आडव्या यागीला उभी लहर जवळजवळ दिसतच नाही. पुन्हा अनुकूल होईपर्यंत वाट पाहावी, तर चंद्र मावळला. दोघांनी पुढच्या महिन्याची तारीख घेतली.

त्या वेळी त्याचा रिपोर्ट लवकर आला. मी पोचेसह माझा रिपोर्ट पाठवू लागलो, पण त्याचं आरआरआर, म्हणजे ‘सगळं मिळालं’ ही पोच, काही येईना. चंद्र खाली चाललेला. अगदी शेवटी ते डीकोड झालं. मी ७३, म्हणजे निरोपाच्या शुभेच्छा, पाठवलं. त्याला मिळालं की नाही कोण जाणे. क्यूएसओ, म्हणजे संपर्क, पूर्ण व्हायला ते लागतही नाही.