दोन बिटांचा माग

विक्रोळीच्या आमच्या ऑफिसात संध्याकाळी सातला दहावीचा ऑनलाइन तास सुरू व्हायचा आणि नेमकी तेव्हाच दिवसभराची रेकॉर्डिंग महापेच्या सर्व्हरवर चढायला लागायची. लाइन एकच. बाईंचा आवाज तुटायचा, अपलोडही अडखळायचं. मोठी लाइन परवडणारी नव्हती, म्हणून मी ईसीएन (एक्स्प्लिसिट कंजेशन नोटिफिकेशन, म्हणजे लाइनवरच्या गर्दीची उघड सूचना) चालू करायचं ठरवलं.

गर्दी झाली की राउटर एरवी पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, टाकून देतो. पाठवणाऱ्याला त्या नुकसानीवरूनच गर्दी कळते. ईसीएनमध्ये राउटर पॅकेटवर नुसती खूण करतो, घेणारा ती पाठवणाऱ्याला कळवतो आणि तो वेग उतरवतो. माझे बाबा मध्य रेल्वेवर मोटरमन होते. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे लालच्या आधी पिवळा." अगदी तेच. २००१ सालच्या आरएफसी ३१६८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात हे सगळं आहे, तरी कितीतरी वर्षं लोक ते बंदच ठेवायचे, कारण काही फायरवॉल (येणारी-जाणारी पॅकेट तपासणारे पहारेकरी) ईसीएन मागणारं पहिलं पॅकेटच गिळून टाकायचे.

लिनक्सवर काम एका ओळीचं. टीसीपी_ईसीएन ही सेटिंग मुळात २ वर असते: समोरच्याने मागितलं तर हो म्हणायचं, आपणहून मागायचं नाही. त्यामुळे महापेच्या सर्व्हरला हात लावावाच लागला नाही. अपलोड सुरू करणाऱ्या ऑफिसच्या सर्व्हरवर १ केलं. राउटरवरची साधी रांग खूण करतच नाही, म्हणून तिथे एफक्यू-कोडेल ही रांग सांभाळायची, खूण करू शकणारी पद्धत बसवली आणि वेग लाइनच्या क्षमतेपेक्षा जरा खाली बांधला, म्हणजे रांग पुढे कुठेतरी न लागता आमच्याच राउटरवर लागेल.

बाईंचा आवाज त्याच दिवशी सुधारला. पण ते श्रेय एफक्यू-कोडेलचं. ते प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी ठेवतं. खुणांचा आकडा शून्यावरच होता आणि पॅकेट पडतच होती.

इथे मी तीन संध्याकाळी घालवल्या. शेवटी दोन्ही टोकांना टीसीपीडंप, म्हणजे जाणारी-येणारी पॅकेट टिपून दाखवणारा प्रोग्रॅम, लावला. सुरुवातीची बोलणी व्यवस्थित: एकाने ईसीएन मागितलं, दुसऱ्याने मान्य केलं. मग डेटाची पॅकेट पाहिली. प्रत्येक पॅकेटवर ईसीएनचे दोन बिट असतात: १० म्हणजे ईसीएन कळतं, ०० म्हणजे कळत नाही. ऑफिसच्या सर्व्हरवरून निघताना ते १०, महापेला पोचताना ००. राउटरला ती पॅकेट ईसीएन न कळणारीच वाटत होती, म्हणून तो ती टाकून देत होता. सर्व्हर आणि राउटरच्या मधे होता तो फक्त फायरवॉल.

तो सांभाळणाऱ्या इंजिनिअरला फोन केला. "मॅडम, आमच्याकडून काहीच ब्लॉक नाहीये." खरंच नव्हतं. पण मी दोन्ही टोकांचे कॅप्चर शेजारी-शेजारी ठेवून पाठवले, तेव्हा तो ठाण्याहून स्वतः आला आणि एक जुना नियम सापडला. कोणतं पॅकेट आधी सोडायचं हे सांगणाऱ्या प्राधान्याच्या खुणा पुसायला तो नियम पॅकेटवरचा एक अख्खा बाइट शून्य करत होता. त्यातले वरचे सहा बिट प्राधान्याचे, खालचे दोन ईसीएनचे. नियम सहा बिटांपुरता केला.

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी खुणांचा आकडा हलायला लागला. अपलोडचे रिट्रान्समिट, म्हणजे पडलेली पॅकेट पुन्हा पाठवणं, जवळजवळ थांबले. तास संपेपर्यंत मी त्या दोन आकड्यांकडेच बघत बसले होते.

आता बॅकअपचा सर्व्हर १ वर न्यायचाय. त्याची वाट वेगळ्या फायरवॉलमधून जाते, म्हणून आधी टीसीपीडंप.