केंदाळाचे ठसे आणि निकाली निघालेला अर्ज

मी परवानगी मागितली होती आणि मला उत्तर आलं ते तक्रारीचं. 'आपल्या तक्रारीची नोंद घेऊन ती संबंधित विभागाकडे वर्ग केली आहे, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.' पत्र हातात पडलं ती तारीख १९ मार्च. २२ मार्चला, जागतिक जलदिनी, मला कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर माझे वीस कापडी ठसे लावायचे होते. सगळं पार पडलं, तरी ते पत्र आठवलं की अजून डोकं तापतं.

मी शाळेत चित्रकला शिकवते. प्रयाग चिखलीच्या संगमापासून राजाराम बंधाऱ्यापर्यंत काही वर्षं पंचगंगेतल्या घाणीचे फोटो काढत हिंडले. फोटो बघून लोक हळहळायचे आणि दोन मिनिटांत दुसरं बोलायला लागायचे. मग सायनोटाइपकडे, म्हणजे उन्हानं निळे ठसे उमटवण्याकडे वळले. जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधलेली ही पद्धत. पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांचे असे निळे ठसे करून त्यांचं पुस्तक काढायला सुरुवात केली. कॅमेरा लागत नाही. वस्तू थेट कापडावर ठेवायची आणि ऊन दाखवायचं. म्हटलं, नदीत जे तरंगतं त्यानंच स्वतःचं चित्र काढावं.

कापड साधं मांजरपाट, खळ पूर्ण जाईपर्यंत धुतलेलं. १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही द्रावणं समप्रमाणात मिसळून अंधाऱ्या खोलीत ब्रशनं लावायची, तिथंच वाळवायची. हातमोजे घाला आणि हे द्रावण आम्लाजवळ नेऊ नका. मार्चच्या उन्हात मला दहा-बारा मिनिटं पुरली. नंतर पिवळट हिरवा रंग निघून जाईपर्यंत साध्या पाण्यात धुवायचं. धुण्याचं पाणी नदीत किंवा गटारात सोडू नका; मी ते बादलीत साठवून गच्चीवर उन्हात आटवलं.

केंदाळ, म्हणजे जलपर्णी, या ठशांत फार देखणी येते आणि त्याचंच मला वाईट वाटत राहिलं. पान पांढरं शुभ्र उमटतं, मुळांचा झुपका पिसासारखा. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळालं की झपाट्यानं पसरते. खाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. प्लास्टिकची पातळ पिशवी उजेड अर्धवट आत सोडते, म्हणून ती धुरासारखी फिकट निळी दिसते. गुटख्याच्या पुडीच्या चकचकीत थरातून उजेड जातच नाही, तिथं कोरा चौकोन उरतो. जयंती नाला नदीला मिळतो तिथल्या एका कापडावर असे सदतीस चौकोन आहेत.

आता अर्जाचं. तो मी ६ फेब्रुवारीला दिला होता. प्रदर्शनाचा हेतू कळावा म्हणून सोबत नाल्याचे चार फोटो जोडले, आणि तिथंच चुकलं. आवक टेबलावर फोटो पाहून अर्ज तक्रारींच्या गठ्ठ्यात गेला. सहा आठवडे मी दर सोमवारी शाळा सुटल्यावर जात होते. 'साहेब मीटिंगला गेलेत', 'फाइल वर गेली', 'पुढच्या आठवड्यात बघा.' एकानंही विषयाची ओळ वाचली नाही. पत्र घेऊन गेले तेव्हा लिपिक म्हणाले,

"मॅडम, तुमचं प्रकरण निकाली निघालंय."

"अहो, पण मी तक्रार केलीच नाही. जागा मागितलीय."

"फोटो लावलेत की तुम्ही नाल्याचे."

मला तिथंच रडू कोसळलं असतं. तक्रार तरी निकाली निघाली होती का? नाला तसाच वाहत होता.

दुसऱ्या दिवशी नवा अर्ज लिहिला, एकही फोटो न जोडता. विषयात पहिलाच शब्द 'परवानगी'. तीन दिवस, सकाळी सात ते अकरा, किती फूट जागा, मंडप नाही, ध्वनिक्षेपक नाही, प्रवेश मोफत, दगडाला खिळा मारणार नाही, बांबूला दोरी बांधू. फॉर्ममध्ये कार्यक्रमाच्या प्रकारात धार्मिक, विवाह, राजकीय, व्यापारी एवढेच रकाने. मी खाली ओळ आखून 'शैक्षणिक' लिहिलं. तुम्हीही तसंच करा, नाहीतर व्यापारी दर लागतो. आणि हो, पोच घ्याच. पहिल्या वेळी माझ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक होता, म्हणून तर मूळ अर्जातला विषय दाखवून भांडता आलं.

मग कार्यालयातले म्हणे, ठशांखालच्या मथळ्यांतून 'जयंती नाला' काढा, 'निसर्गरंग' असं काही ठेवा. मी नकार दिला. जागेचं नाव आणि तारीख काढली की त्या ठशाचा नुसता शोभेचा पडदा होतो. कोल्हापुरातल्या कोटितीर्थ तळ्याकाठी राहून चित्रकार आबालाल रहिमान यांनी इथलं पाणी रंगवलं. त्याच गावच्या पाण्याचं नाव चित्राखाली लिहायला आम्ही का कचरावं?

फाइल पुन्हा थांबली. ४ एप्रिलला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार वापरला. प्रश्न एकच: माझा अर्ज कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोणत्या टेबलावर होता? उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. मला नवव्या दिवशी फोन आला आणि १६ एप्रिलला परवानगी हातात पडली. हा अर्ज पहिल्याच महिन्यात करायला हवा होता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घाटावर, दीपमाळांच्या बाजूला, वीसही कापडं लागली. तिसऱ्या दिवशी वेळ संपत असतानाच आभाळ भरून आलं आणि वळीव कोसळला. धुणं धुणाऱ्या बायका हातातलं टाकून धावल्या. "रंग जाईल ओ ताई, काढा लवकर!" हा रंग पाण्यानं जात नाही हे मी ओरडून सांगेपर्यंत त्यांनी निम्मी कापडं उतरवली होती. (धुण्याच्या सोड्यानं मात्र तो फिका पडतो, साबण लावू नका.) पाऊस थांबल्यावर त्यांतल्या एकीनं एका ठशातल्या कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. "ही शाम्पूची पुडी न्हवं? आमचीच असंल." मग पायरीखाली उतरून तिनं केंदाळाचा एक झुपका उपटून आणला आणि विचारलं, याचं आत्ता होईल का. डब्यात लेप लावून वाळवलेला एक तुकडा उरला होता. ढगाळ उजेडात तासभर लागला. तोवर ती पायरीवर बसून राहिली, धुणं तसंच ठेवून.