पास्त्याचा कट फेकू नका

पुरण शिजल्यावर डाळीचा कट कोणी मोरीत ओतत नाही, त्याची आमटी होते. पास्त्याच्या पाण्याला मात्र मुंबईच्या बहुतेक घरांत थेट सिंकची वाट दाखवली जाते, आणि मग सॉस दाट व्हावा म्हणून मैदा, दूध, चीज शोधावं लागतं. तिकडे इटलीत रोजच्या घरगुती पास्त्यात तेच पाणी अर्धं काम करतं.

बोरिवलीला किंवा मुलुंडला लोकलमधून उतरून साडेआठला घरी पोचणाऱ्यांसाठी सगळ्यात सोयीचा प्रकार म्हणजे नेपल्सकडचा ‘आल्यो ए ऑल्यो’, म्हणजे लसूण आणि तेल. आधण आल्यापासून पंधरा मिनिटांत ताट वाढता येतं.

दोघांसाठी 200 ग्रॅम स्पगेटी घ्या. पाकिटावर ‘ड्युरम व्हीट सेमोलिना’ लिहिलेलं हवं. ड्युरम म्हणजे आपल्या बन्सी गव्हाच्या जातीचा कडक गहू. इटलीत तर 1967पासून कायद्याने सुका पास्ता याच गव्हाच्या रव्याचा करावा लागतो. मैद्याचा पास्ता मिनिटभर जास्त शिजला की गिचका होतो.

दीड लिटर पाण्याचं आधण ठेवा. खळखळून उकळलं की सपाट दोन चमचे मीठ घाला, साधारण 12 ग्रॅम. हे मीठ पास्त्याच्या आत मुरतं. वरून भुरभुरलेलं नुसतं जिभेला लागतं. स्पगेटी मोडू नका, अर्ध्या मिनिटात ती आपोआप वाकून पाण्यात बसते. पहिली दोन मिनिटं ढवळत राहा, कारण तेव्हाच वरचा स्टार्च चिकट होऊन काड्या एकमेकींना धरतात. पाण्यात तेल घालून काही होत नाही, ते वरच तरंगतं.

आता कढई. फोडणीची सवय इथे बाजूला ठेवावी लागते: तेल तापवून लसूण टाकायचा नाही, गार तेलातच टाकायचा. 60 मिली ऑलिव्ह तेल, म्हणजे पोह्यांचे चार चमचे, आणि गावठी लसणाच्या आठ-दहा पाकळ्यांचे पातळ काप. मंद आच. कापांभोवती बारीक बुडबुडे येतील आणि हळूहळू तेलालाच लसणाचा वास लागेल. कडा पिवळसर दिसू लागल्या की बिया झटकलेल्या दोन बेडगी मिरच्यांचे तुकडे घाला. मिरची लसणाआधी जळते, म्हणून ती नंतर. काप गव्हाच्या काडाच्या रंगाचे झाले की लगेच पळीभर पास्त्याचं पाणी कढईत ओता. तडतडेल, जरा लांब उभे राहा. या पाण्याने लसूण तिथेच थांबतो. तपकिरी झालेला लसूण कडू लागतो आणि तो कडवटपणा कशानेही जात नाही. तेलासकट टाकून नवीन घेतलेला बरा.

पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी एक काडी तोडून बघा. मध्ये पांढरा ठिपका दिसला की चिमट्याने स्पगेटी थेट कढईत घ्या. धुवायची नाही, धुतली की स्टार्च गेला. आणखी दोन पळ्या पाणी घालून आच मोठी करा आणि दीड-दोन मिनिटं सतत परतत राहा. स्टार्चमुळे तेल आणि पाणी एकजीव होतं, कढई कलती केली तर दुधट, दाटसर रस सावकाश सरकतो. कडेला तेल सुटलेलं दिसलं तर पाणी कमी पडलंय: गॅस बंद करून दोन-तीन चमचे पाणी घाला आणि पुन्हा हलवा. (पाकिटावरची वेळ समुद्रसपाटीच्या मुंबईत बरोबर जुळते, पुण्यात पाणी थोडं कमी तापमानाला उकळतं, तिथे थोडा जास्त वेळ द्या.)

शेवटी चिरलेली पार्सली. ती नसेल तर कोथिंबीर घालण्यापेक्षा काहीच न घातलेलं चांगलं, कारण कोथिंबिरीचा वास लसणावर बसतो. या पास्त्यात चीज मुळात नसतं. तरी हवंच असेल आणि घरी शाकाहारी मंडळी असतील, तर अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटवर (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्यावर) बनतं हे लक्षात ठेवा.

हा पास्ता ताटात थांबत नाही, दहा मिनिटांत रस आटून गोळा होतो. आधी सगळ्यांना पानावर बसवा, मग स्पगेटी कढईत घ्या. उरलाच तर सकाळी दोन अंडी फेटून त्यात कालवा आणि तव्यावर जाड पोळा दोन्ही बाजूंनी खरपूस करा. नेपल्समध्ये शिळ्या पास्त्याचं हेच करतात.