तापीकाठी, समुद्राचा हिशेब घेऊन

भुसावळहून वरणगावमार्गे मुक्ताईनगरकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात आणि चांगदेवला पोहोचेपर्यंत समुद्र आठवावा असे काही दिसत नाही. आम्ही निघालो होतो पाणमांजराच्या खुणा शोधायला, पण माझ्या भाचीची गोष्ट वेगळी. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर तिने डॉल्फिनच्या सर्वेक्षणात काम केले आहे. देवळापाशी तापी-पूर्णेचा संगम आणि हतनूरच्या जलाशयाचे पसरलेले पाणी पाहताच तिने विचारले, "मामा, इथे वारा किती वाजता सुटतो?"

प्रश्न कामाचा होता. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणाऱ्या हंपबॅक डॉल्फिनची पाठ श्वास घेण्यापुरती वर येते आणि लाटांचे माथे पांढरे होऊ लागले की ती त्या फेसात हरवते. फिनलेस पॉर्पॉइज या डॉल्फिनच्या छोट्या भाऊबंदाला तर पाठीवर परच नसतो, त्यामुळे शांत पाण्यातही तो सहज निसटतो. म्हणून बोट आधी ठरवलेल्या रेषेवरून चालवतात आणि प्राणी दिसला की अंतर, कोन, खोली व समुद्राची अवस्था टिपतात. शिवाय काहीही न दिसता गेलेला तासही तितक्याच काळजीने लिहून ठेवतात.

तिच्या मते प्राण्यांचा नकाशा हा मुळात माणसांच्या फिरण्याचा नकाशा असतो. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि पावसाळी समुद्रात सर्वेक्षणाची बोटही सहसा जात नाही. त्या महिन्यांचा कोरा कागद पाहून डॉल्फिन निघून गेले असे कोणी म्हणू लागले, तर त्याला काय सांगायचे? २०१५ मध्ये कुणकेश्वरजवळ निळे देवमासे पिल्लांसह नोंदले गेले, तेही कोणीतरी चिकाटीने तिथे जात होते म्हणून. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि बियास यांच्या खोऱ्यांतील नदी-डॉल्फिनचा ६,३२७ हा आकडा २०२५ मध्ये जाहीर झाला, त्यामागे ८,५०० किलोमीटरहून अधिक नदीमार्ग पालथा घालण्याचे काम होते.

तापीत डॉल्फिन नाहीत. आम्ही पाणमांजराच्या खुणा शोधत होतो. पाणी उतरलेल्या काठावर गाळपेऱ्याची शेते संपतात तिथे एका सपाट खडकावर तिला हवे ते सापडले: काळपट-हिरव्या विष्ठेचे वाळत आलेले ढीग, त्यांत चकाकणारे माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचा लालसर तुकडा. वास असा, की मी दोन पावले मागेच सरलो. शेजारच्या ओल्या गाळात पाच बोटांचे ठसे होते आणि त्यांतल्या एकात बोटांमधल्या पडद्याची कडासुद्धा उमटली होती.

जाळे आवरत बसलेल्या भोईदादांना आम्ही विचारले. "पानमांजर ना? हाये ना ताई," ते म्हणाले, "आमचं जायं फाडते ती!" मग हाताने दाखवत त्यांनी कुठल्या वळणावर, कुठल्या महिन्यात आणि किती जणांचा कळप असतो ते सांगितले. भाचीने ते सगळे लिहून घेतले, पण वेगळ्या पानावर. ऐकलेले आणि पाहिलेले एका रकान्यात घालायचे नाही, हा तिचा दंडक. मला तो जरा कडक वाटतो, कारण हे गृहस्थ आमच्यापेक्षा कितीतरी अधिक तास त्या पाण्यावर असतात.

हतनूरला हौशी निरीक्षक येतात ते मुख्यतः हिवाळ्यात, पाहुण्या बदकांसाठी, आणि धरणाचे ४१ दरवाजे उघडतात त्या दिवसांत गर्दी होते ती दरवाज्यांपाशी. त्यामुळे पावसाळ्यातल्या पाणमांजराची नोंद मिळणे कठीणच. चाललेला काठ भाचीने नकाशावर रेघेने दाखवला आणि रावेरच्या बाजूचा काठ ऊन चढल्यामुळे राहिला, तिथे "गेलो नाही" असे लिहिले. तिथे भोईदादांच्या ओळखीच्या नावेतून जायचे ठरले आहे, मात्र वारा सुटायच्या आत.