कुरवाचा पंख उघडला तेव्हा

फेब्रुवारीच्या अखेरीस हर्णै बंदरावरील एका मच्छीमार काकांनी टोपलीत घालून, वर ओला पंचा झाकून, एक कुरव (सीगल) आमच्या पक्षी उपचार केंद्रात आणला. त्याच्या पायांना आणि डाव्या पंखाला तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा धागा, इतका घट्ट आवळला होता की तो कापल्याशिवाय पंख उघडणे शक्य नव्हते.

नोंदवहीत जात लिहायची होती. डोळ्यामागचा गडद ठिपका आणि काळेभोर बुबुळ पाहून माझ्या तरुण सहकारिणीने 'काळ्या डोक्याचा कुरव' असे सुचवले. तिचा तर्क निराधार नव्हता, कारण तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचे बुबुळ फिकट असते. मात्र हिवाळ्यात या दोन्ही जातींची डोकी पांढरी होऊन केवळ तो ठिपका उरतो, त्यामुळे डोक्यावरून निर्णय करणे मला धोक्याचे वाटते. चोच काळ्या डोक्याच्या कुरवापेक्षा जाडसर होती, एवढ्यावरूनच मला शंका आली.

तंगूस कापून मी पंख सावकाश पसरला. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड टोकाच्या बाजूला पांढरीशुभ्र असते. येथे बाहेरची पिसे जवळजवळ पूर्ण काळी होती आणि पांढरा भाग फक्त त्यांच्या बुडाशी होता. तपकिरी डोक्याच्या प्रौढ पक्ष्याच्या काळ्या टोकात दिसणारे पांढरे ठिपकेही नव्हते. पण शेपटीच्या टोकाचा काळा पट्टा आणि पंखांवरील तपकिरी पिसे पाहिल्यावर कोडे उलगडले. हा पहिल्या हिवाळ्यातील तपकिरी डोक्याचा कुरव होता, आणि या वयात बुबुळ गडदच असते.

"डॉक्टर, हा इथलाच ना?" काकांनी विचारले. ही जात उन्हाळ्यात तिबेट आणि लडाखच्या तलावांवर वीण करते, त्यांतील त्सो मोरिरी सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे, हे मी त्यांना सांगितले. लिलावाच्या वेळी टाकलेल्या मासळीवर झडप घालणारा हा पक्षी जन्मल्यावर काही महिन्यांतच हिमालय ओलांडून आला असावा, या विचाराने मी आजही भारावून जातो.

हाड शाबूत असल्यामुळे जखम भरताच त्याला बंदरावर सोडता आले. आता केंद्रात आलेल्या प्रत्येक कुरवाचा, पंखाला इजा होणार नसेल तर, पसरलेल्या पंखाचा फोटो आम्ही नोंदीला जोडतो आणि जातीसोबत वयही लिहितो.