आईचा पोर्ट
आज आईला केमो पोर्ट बसवला, म्हणजे केमोचं औषध थेट मोठ्या शिरेत सोडायची कातडीखालची डबी आणि नळी. छातीत नाही, मांडीत! छातीतल्या गाठीने हृदयाकडे जाणारी वरची महाशीर दाबली गेलीये, त्यामुळे मान, छाती, दंड, सगळ्या नेहमीच्या वाटा बंद. डॉक्टरांनी सोनोग्राफीत बघत जांघेतल्या शिरेतून नळी खालच्या महाशिरेत वर नेली आणि पोर्टची छोटी डबी मांडीच्या कातडीखाली ठेवली. फक्त जागा बधिर केली होती, आई पूर्ण जागी होती. इथे जंतुसंसर्ग आणि गुठळीची भीती असते, म्हणून ताप आला किंवा पाय सुजला तर लगेच कळवायचं.

मागच्या वेळी हाताची शीर सापडेना, पाच वेळा टोचलं. ती गप्प होती, मीच बाहेर जाऊन रडले. आज म्हणाली, "हात मोकळे झाले गं माझे."

उद्या केमो.